पाइपाच्या दुसऱ्या टोकाला

"भुताची नको हं, काका," धाकटी पुतणी म्हणाली आणि तिनं पाय चादरीत ओढून घेतले.

"भुताची कुठे? गाडीची सांगतोय," काका म्हणाले. "माझ्या टायरच्या दुकानाला लागून ज्याचं गॅरेज होतं ना, त्याची. खोटं वाटलं तर त्यालाच विचारा. पण तो तुमच्याकडे बघून बोलणार नाही. कुणाच्याच डोळ्यांत बघत नाही तो."

गच्चीवर सगळे हसले. काका हसले नाहीत.

तर एका रविवारी कुणीतरी एक लाल गाडी दोरानं ओढत गॅरेजच्या दारात आणली. जुनी स्पोर्ट्‌स कार, दोघांपुरती, बुटकी, लांब नाकाची. गॅरेजवाल्यानं, म्हणजे धाकट्या मिस्त्रीनं, ती लांबूनच ओळखली. थोरला मिस्त्री म्हणजे त्याचा दादा. दादाला जाऊन दहा वर्षं झाली, तरी हा आपला धाकटाच राहिला होता.

गाडीमालकाची मुलगी खाली उतरली. "गरम होते हो. पंधरा मिनिटं चालवली की काटा लाल पट्ट्यात. बुधवारी सकाळी मला निघायचंय." मग तिनं आवाज खाली आणला. "बाबा जाताना सांगून गेले, गाडी तिकडेच ने, पण थोरल्याच्या हाती देऊ नको. ते… आहेत का अजून?"

"नाहीत," धाकटा म्हणाला.

तेवढ्यात वरच्या खोलीतून वहिनी, दादाची बायको, चहा घेऊन उतरली. गाडी बघून ती जिन्यातच थबकली. मग खाली येऊन तिनं त्या मुलीपुढे हात जोडले.

"राग ठेवू नका, बाई. त्यांच्या हातून झालं खरं तसं. माणूस वाईट नव्हता. नजर गेली होती त्यांची."

धाकट्यानं पाना पुसायला घेतला. पाना स्वच्छच होता.

झालं होतं असं. बारा वर्षांपूर्वी हीच गाडी ह्याच गॅरेजातून दुरुस्त होऊन गेली आणि भर रस्त्यात वाफा ओकत बंद पडली. इंजिन जाम. पाण्याचा पाइप उघडला तर आत फडकं! पाइप उघडा असताना धूळ जाऊ नये म्हणून मिस्त्री तोंडाशी फडकं कोंबतात आणि जोडताना काढून घेतात. हे काढायचं राहिलं होतं. निळ्या चौकड्यांचं, धाकट्याच्याच जुन्या शर्टाचं.

"कुणाचं काम हे?" गाडीमालक गरजले. चार गिऱ्हाइकं बघत होती.

धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "दादाचं. त्याला हल्ली नीट दिसत नाही."

दादानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाला, "हो. माझंच."

त्यानंतर दादानं पान्याला हात लावला नाही. दारात खुर्ची टाकून बसायचा. दोन वर्षांनी ती खुर्चीही रिकामी झाली. आणि वहिनी? नवऱ्यानं न केलेल्या चुकीची माफी ती येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मागत राहिली. हा ऐकत राहिला. आज सांगू, उद्या सांगू… आणि उद्या काही उजाडला नाही.

"शी! कसला माणूस," पुतण्या म्हणाला.

"तुझ्यामाझ्यासारखाच," काका म्हणाले. "पुढे ऐक."

धाकट्यानं तीन दिवस त्या गाडीचा पिच्छा पुरवला. थर्मोस्टॅट नवा घातला. पाण्याचा पंप बदलला. पंख्याचा पट्टा ताणला, टायमिंग लावलं, गाडीचं नाक चढावर उभं करून पाण्यात अडकलेली हवा काढली. बुधवारी द्यायची म्हणजे द्यायचीच! पण दर वेळी पंधराव्या मिनिटाला काटा लाल पट्ट्यात. मिनिटही इकडेतिकडे नाही.

"जमतंय ना, भाऊजी?" वहिनी जिन्यातून विचारायची. "ह्या वेळी नीट जाऊ दे हो. त्यांच्या नावाला पुन्हा बट्टा नको."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मंगळवारची रात्र. तारीख अकरा नोव्हेंबर. बारा वाजून गेले होते. गाडी सहा तास बंद होती, इंजिन थंडगार. शटर आतून लावलेलं. एकच दिवा. आता राहता राहिला रेडिएटर. त्यात पाणी तर जात होतं, पण वाट पुरती मोकळी आहे का? जुन्या रेडिएटरवर कॉम्प्रेसरची हवा मारली तर झाळलेले टाके सुटतात. तिथं तोंडानंच फुंकावं लागतं, आणि ते दोघांचं काम. एकानं वरच्या तोंडाला पाइप लावून फुंकायचं. दुसऱ्यानं खाली आडवं पडून खालच्या तोंडावर तळहात धरायचा आणि सांगायचं, हवा आली की नाही. बालपणापासून हा फुंकायचा. तळहात दादाचा.

धाकट्यानं पाइप तोंडाला लावला. फुंकला. गाल फुगले, कानाला दडे बसले. हवा पुढे सरकेना.

सवयीनं तोंडातून गेलं, "आली?"

मग स्वतःशीच ओशाळला. कुणाला विचारतोयस, वेड्या?

पुन्हा फुंकला. छातीतली सगळी हवा ओतली.

"नाही आली."

गाडीच्या खालून.

पाइप तसाच हातात. हलायची हिंमत होईना. आवाज बारीक होता. घोगरा. ओळखीचा… फार ओळखीचा.

खाली वाकून बघावं? नाही वाकला.

आणि मग पाइपातून हवा आली. उलटी. त्याच्या तोंडावर. संथ. ऊन. थंड पडलेल्या रेडिएटरातून… कुणीतरी श्वास सोडावा तशी.

दिवा चालू होता. सगळं दिसत होतं. म्हणून तर जास्त भीती.

"दादा…"

काही नाही.

"दादा, मी…"

काही नाही. नुसता तो श्वास. येतोय. थांबतोय. येतोय.

त्याचे गुडघे जमिनीला टेकले. पाइप त्यानं दोन्ही हातांनी धरला, तोंड त्यावर टेकवलं आणि बारा वर्षं गिळलेलं वाक्य त्या काळ्या भोकात बोलला.

"फडकं माझं होतं."

पाइप त्यानं आणखी घट्ट धरला.

"मी कोंबलं. मी विसरलो. तुझं नाव घेतलं… लाज वाटली, दादा. चारचौघांत लाज वाटली म्हणून. आणि तेव्हापासून रोज वाटते."

त्याला हुंदका आला. तो हुंदका पाइपात गेला आणि… अडला नाही. सरळ गेला. कुठेतरी बाहेर पडला.

खालून आवाज आला, "आली."

बस्स. एवढंच.

उजाडेपर्यंत तो तिथंच बसून होता. मग गाडी सुरू केली. दहा मिनिटं, पंधरा, तीस. काटा मधोमध. हलेना.

पण अजून एक जिना चढायचा होता. पाइपात सांगणं सोपं. वहिनीच्या तोंडावर कसं सांगायचं? पायरी-पायरीवर थांबत तो वर गेला. दार उघडंच. वहिनी मोरीत नळाखाली उजवा हात धरून उभी.

"काय झालं, वहिनी?"

"कळेना हो, भाऊजी. रात्री साडेबाराला चटका बसला नि जागी झाले. झोपेत कशानं भाजेल?"

तिनं तळहात पुढे केला. मधोमध एक लाल गोल. पाइपाच्या तोंडाएवढा.

त्यानं मान खाली घातली. "वहिनी… ते फडकं…"

तिनं मूठ मिटली. किती तरी वेळ नळ तसाच वाहत होता.

गच्चीवर कुणी हलेना. शेवटी पुतणीनं चादरीतूनच विचारलं, "मग… त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. हाततोंड धुऊन खाली गेल्या. ती मुलगी गाडी न्यायला आली, तेव्हा धाकट्याला म्हणाल्या, आता सांगा. त्यानं सांगितलं. माझ्यासमोर. आम्हा सगळ्यांसमोर." काकांनी घसा खाकरला. "माफी मागणं वहिनींनी त्या दिवशी सोडलं."

"आणि हात?"

काकांनी पुतणीची चादर नीट केली.

"मी पाहिलाय. ह्याच वर्षी. तो गोल गेला नाही. डॉक्टर म्हणतात, भाजल्याचा व्रण आहे, सुकलाय. पण बोट लावून बघा… गोलाच्या बाहेर कातडी कोरडी. आत ओलसर. ऊन."

त्यांनी स्वतःचा तळहात अंधारात उलटा केला.

"जसं कुणी आत्ताच त्यावर फुंकर घातलीय."