बाई नंबर चार

मी ज्या खोक्यावर बसले होते त्यात कॉम्प्युटर होता, हे मला चौक गाव सोडून दोन मैल गेल्यावर कळलं.

एसटी आली नव्हती, म्हणून काळूरामच्या टेंपोत मागे चढले. मागे ताडपत्री, गोधडीत गुंडाळलेलं एक खोकं आणि एक चष्मेवाला. मी खोक्यावर टेकले. तो काहीतरी बोलायला गेला, थांबला. परत तोंड उघडलं, परत थांबला...

"काय हो, घसा बसलाय का?"

"नाही... म्हणजे... तुम्ही ज्याच्यावर बसलायत ना, तो कॉम्प्युटर आहे."

मी उठले. ताडकन नाही, सावकाश उठले.

"मग उठा म्हणायचं. दोन मैल काय करत होतात?"

"तुम्ही रागीट दिसलात."

"आहेच मी रागीट."

भादव्याचे दिवस होते, साल अठ्ठ्याऐंशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं. ताडपत्रीतून गळणारं पाणी त्याच्या चष्म्यावर पडत होतं आणि तो शर्टाच्या टोकाने खोकं पुसत होता, चष्मा नाही. मी बघितलं आणि तोंड फिरवलं. पुढे लोक विचारायचे, कुठे सुरू झालं तुमचं? टेंपोत, असं मी सांगायचे. ते खोटं आहे. टेंपोत मला फक्त तो बावळट वाटला.

खोकं आमच्याच कचेरीत चाललं होतं. कचेरी म्हणजे कर्जतला विमलबाईच्या पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. कमळाकरभाऊंचं साप्ताहिक तिथून निघायचं आणि त्यात बातम्या आणायचं काम माझं. त्या वर्षी मुंबईच्या एक बाई खालापूरकडच्या कारखान्यातल्या बायांवर माहितीपट करत होत्या. एका कारखान्यात पावडर भरायच्या कामावर हातमोजे देत नव्हते, आणि बायांच्या बोटांची सालं निघत होती. कारखान्याचं नाव लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नाही, तसे आणखी सात होते म्हणून. मी एकतीस बायांना बोलतं केलं, सव्वीस कॅसेटी भरल्या. कुठल्या कॅसेटीत कोण काय बोललं ते उतरवून सहा वह्या झाल्या, आणि त्यातलं एक वाक्य शोधायला अर्धा दिवस जायचा. म्हणून मुंबईच्या बाईंनी हा वापरलेला कॉम्प्युटर पाठवला. चष्मेवाल्याला ठाण्याच्या दुकानदाराने पाठवलं होतं, मशीन बसवायला आणि मला शिकवायला. पद्माकर त्याचं नाव, पोशीरचा. त्याची आई त्याला पदू म्हणते हे मी पहिल्याच आठवड्यात काळूरामकडून काढून घेतलं.

"यात लिहायचा एक प्रोग्राम आहे," तो म्हणाला. "एडिटर म्हणतात त्याला."

"एक एडिटर आहे की आमच्याकडे." मी कमळाकरभाऊंकडे बोट केलं.

"याला पाहिजे ते शिकवता येतं. कुठलंही बटण घ्या, त्याला काम लावून द्या."

"मग हा आमच्यावाल्यापेक्षा बरा."

"जने, ऐकू येतंय मला," भाऊ आतून म्हणाले.

पडद्यावर मराठी उमटत नव्हती. आम्ही मराठी बोलणं इंग्रजी अक्षरांत बडवायचो. खालून गिरणीचं पीठ वर यायचं, बटणांवर बसायचं, आणि पदू आला की आधी फुंकर मारायचा. दर गुरुवारी यायचा. मी म्हणायचे, मला अमुक पाहिजे. तो मान खाली घालून तासभर बसायचा आणि एका बटणाला ते काम शिकवून उठायचा. एक दाबलं की कॅसेटीचा नंबर आणि टेपवरचा आकडा आपोआप ओळीच्या सुरुवातीला. दुसरं दाबलं की सगळ्या बाया 'हात' हा शब्द जिथे जिथे बोलल्या ती वाक्यं एकाखाली एक. पहिल्यांदा ती यादी वर सरकत गेली. सहा वह्यांत मला जे दिसलं नव्हतं ते समोर होतं. एकतीस जणी एकच गोष्ट सांगत होत्या.

"रडताय?"

"पीठ गेलंय डोळ्यात."

त्याने रुमाल दिला नाही. उठून खिडकी लावली. मला वाटतं, तिथे सुरू झालं.

महिन्याभरात त्याचं मशीन सुधारत होतं आणि माझं काम बिघडत होतं. बुधवारपासूनच लक्ष लागायचं नाही.

"अजून एक बटण रिकामं आहे," तो एकदा म्हणाला. "काय शिकवू त्याला?"

"राहू दे. सगळीच कामाला लावली तर तुम्ही यायचे बंद व्हाल..."

बोलून गेले. तो बटणाकडे बघत राहिला. कान लाल.

आता गंगाबाईचं सांगते. साठीची बाई, लोधिवलीत आमच्याच बौद्धवाडीत राहायची. पावडर भरण्यात सर्वांत जुनी. तिची दोन्ही हातांची नखं गेलेली होती. टेप लावायच्या आधी तिने माझं मनगट धरलं होतं. "सांगते. समदं सांगते. पन माजं नाव नको येयाला. माजा धाऊ आतमदी मशीनवर हाय. त्याला काडतील." मी म्हटलं, "नाय येणार." दुसरं काही नव्हतं माझ्याकडे द्यायला, शब्द दिला.

त्यासाठीच मी पदूकडून नावं झाकायचं बटण करून घेतलं. मी यादी दिली, रेशनकार्डावरची पूर्ण नावं, कचेरीसारखी टापटीप. बटण दाबलं की गंगाबाईची 'बाई नंबर चार' व्हायची. आम्ही दोघं टाळी देऊन हसलो. हात लगेच सुटले नाहीत.

खालापूरला तालुक्याच्या कचेरीत, हातमोज्यांसाठी या बायांनी केलेल्या तक्रारीची सुनावणी लागली होती, शनिवारी अकरा वाजता. भाऊंनी बायांच्या बोलण्याची बासष्ट पानं छापून घेतली आणि गुरुवारीच तिथे नोंदवून आले. सुनावणीच्या दिवशी एक प्रत कारखान्याच्या वकिलाला मिळणार होती.

शुक्रवारी सकाळी मी आमची प्रत चाळत बसले होते. पान सतरा. येसूबाई बोलत होती, म्हणजे बाई नंबर नऊ: "आमच्या धाऊच्या आयचं हात बगा..."

गंगाबाईला गंगाबाई म्हणतं कोण? मतदारयादी. बाकी सगळी वाडी तिला धाऊची आय म्हणते. मीसुद्धा म्हणते! आणि धाऊ नावाचा त्या कारखान्यात एकच.

पदूला गिरणीतून फोन लावला. नेरळला कुणाचं तरी मशीन बघायला गेला होता, तिथे सापडला. तासाभरात आला. मी पान सतरा त्याच्या तोंडासमोर धरलं.

त्याने वाचलं. "बटण बरोबर चाललंय," तो म्हणाला. "यादीत हे नाव नव्हतं."

"बटण बरोबर चाललंय? वा! त्या बाईचा पोरगा उद्या घरी बसेल, पण बटण बरोबर! तुम्हाला तुमची आई काय म्हणते, पद्माकर?"

"...पदू."

"मग? इतकं कळू नये?"

"तुम्हाला कळलं का? यादी तुम्ही दिलीत."

हे खरं होतं. मी त्या वाडीत वाढले, आणि कचेरीत बसून कचेरीची नावं लिहिली. मी पान सतरा मेजावर आपटलं. मग त्याने खुर्ची ओढली आणि बटणांवर फुंकर मारली.

"सांगा," तो म्हणाला. "कोण कोणाला काय म्हणतं ते सगळं."

मी सांगत गेले. धाऊची आय, हिरूची सासू, मुकादमाची थोरली, चिंचेखालची ठकी... एकतीस बायांची एकशे चौदा नावं निघाली. दुपारी छापायला घेतलं तर गिरणी सुरू, सगळी वीज तीच ओढत होती, दिवा मिणमिणता, छापायचं मशीन अर्ध्या ओळीवर अडलेलं. मी खाली गेले. "विमलबाई, तीन तास गिरणी बंद ठेवा."

"आन् ही दळनं काय तुज्या मशीनवर दळू?"

"नायतर एका बाईच्या पोराची नोकरी जाईल."

विमलबाईने पट्टा काढला. रांगेतल्या लोकांनी मला जे काही म्हटलं ते छापण्यासारखं नाही. दिवे लागायच्या आत नवी बासष्ट पानं हातात होती.

शनिवारी साडेनऊला आम्ही खालापूरला. नोंदीच्या टेबलावरचा कारकून म्हातारा होता, सावकाश बोलायचा. "नोंद झालेला कागद असा नाही बदलता येत. अर्ज द्या. चूक काय, कोणी केली, नाव, पत्ता, सही."

मी पेन काढलं. पदूने माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही नका लिहू."

"का? चूक माझी."

"लिहून घेणारीच चुकली असं तुम्ही लिहिलंत की वकील म्हणेल, मग सगळंच चुकीचं. एकतीसही जणी खोट्या. मशीनवाल्याने लिहिलं तर फक्त छपाई चुकली."

बरोबर होतं. पण मला आणखी एक गोष्ट माहीत होती. त्याच कारखान्यात त्याच्या ठाण्याच्या दुकानदाराने दोन मशीन बसवली होती. या अर्जाची प्रत वकिलाकडे जाणार होती.

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल."

"मग?"

"मग काय... लिहू द्या ना. कारकून चहाला उठेल."

त्याने लिहिलं. पूर्ण नाव, बापाचं नाव, मुक्काम पोशीर. इतक्या सुबक अक्षरात की मला संताप आला. कारकुनाने जुना गठ्ठा काढून दिला, नवा ठेवला. अकरा वाजता वकिलाने सगळा गठ्ठा उलटसुलट चाळला आणि विचारलं, "ही बाई नंबर चार कोण?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बाकावर गंगाबाई पदर ओढून बसली होती, तिनेही इकडेतिकडे बघितलं, जणू कोण असेल ती!

हातमोजे दिवाळीनंतर आले. धाऊ मशीनवर राहिला. पदूची नोकरी पुढच्याच सोमवारी गेली.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. यायचं कारणच नव्हतं. मी कचेरीत दुपारपर्यंत बसले, नावं झाकायचं बटण उगाच दोनदा दाबलं, आणि मग उठून पोशीरला गेले. तो बांधावर उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत, हातात विळा. ओशाळला.

"चल," मी म्हटलं. 'अहो' तिथेच टाकून दिलं. "धाऊच्या आयकडे जायचंय. काय झालं होतं ते तिला सांगायला पाहिजे."

"ती शिव्या देईल."

"देऊ दे. आपल्याच वाट्याच्या आहेत त्या."

लोधिवलीला पोचलो तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती, तळहातांनी. मी सगळं सांगितलं. पान सतरा, यादी, अर्ज. तिने शिव्या दिल्या, दोघांना सारख्या वाटून. मी म्हटलं चूक माझी, तो म्हणाला माझी, मी म्हटलं तू गप... तिने सूप खाली ठेवलं आणि बघत राहिली.

"जने, ह्यो कोन गं तुजा?"

पदू चप्पल घालायला लागला.

मी त्याच्याकडे बघितलं. पोशीरला त्याची आई काय म्हणेल, ते माहीत होतं. आमच्या बौद्धवाडीत जातीबाहेरच्या जावयाला काय म्हणतील तेही. दोन्हीकडे एकाच प्रकारचा आरडाओरडा होणार होता, फक्त भिंतीवरच्या तसबिरी वेगळ्या.

"याच्याशी लग्न करणार आहे," मी म्हटलं. "याला अजून सांगितलं नाय."

त्याची एक चप्पल पायात, एक हातात. चष्म्यामागे डोळे दोनदा मिटले.

"कधी?" एवढंच विचारलं त्याने.

"तुझ्या आईला सांगितल्यावर."

"आज?"

"आजच. उद्या मला राग आलेला असेल, मग बरं नाय दिसणार."

गंगाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली, आणि आतूनच ओरडली, "मंग चा घेऊन जावा रं! सांगायला ताकद लागंल."