पुसलेलं पीठ

पितांबर नाना माझे चुलत दीर. सावद्याला जीप चालवतात, दारूला शिवत नाहीत, भूतबित मानत नाहीत. म्हणून लिहिते. परवा वीज गेली, पोरं ओट्यावर जमली, तेव्हा त्यांनी सांगितलं.

"मागच्या कार्तिकातली अमावस्या. जळगावचा अर्पित म्हणून एक पोरगा, त्याला आणि त्याच्या मित्रांना तापीच्या काठी सोडायचं होतं. धरणामागे पाणी पसरलंय ना, तिथं थंडीत समुद्रावरची पाखरं येतात. कुरव. पांढरीफटक. दिवसभर त्यांनी ती बघितली. बोट रुपचंदची."

"बायको बुडाली तोच?" पोरांतला स्वप्नील म्हणाला.

"तोच. त्याच्या आदल्या वर्षी दीपमाला बोटीतून पडली. असं तो सांगायचा."

"पडली म्हणे!" मी मधेच बोलले. "मासेमाऱ्याची पोर ती. चालायच्या आधी पोहायला शिकलेली."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले नाहीत.

"दहाव्याच्या रात्री तिच्या आईनं, पुष्पाबाईनं, रीतीप्रमाणे परातीत पीठ पसरलं. शेजारी दिवा, वर टोपली. सकाळी पिठात पाऊल उमटलेलं असतं. पाखराचं, किड्याचं, माणसाचं. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. सकाळी टोपली उचलली, तर परात लख्ख. रुपचंद म्हणाला, उंदरानं खाल्लं असेल. पुष्पाबाई म्हणाली, 'उंदीर परात पुसून ठेवतो का रे?' त्यानंतर ती जावयाशी बोलली नाही. भेटेल त्याला एकच विचारायची... माझ्या पोरीचं काय उमटलं होतं?

तर त्या रात्री पोरांनी काठावर पांढरी चादर ताणून बांधली. समोर मोठा दिवा. उजेडाला पतंग येतात, चादरीवर बसतात, हे फोटो काढतात. रुपचंद जेवायला थांबला, मीही. भरीत-भाकरी पुष्पाबाईचीच होती. काठावरच्या वस्तीत राहते, आलेल्या-गेलेल्याला रांधून देते. ती लांब अंधारात बसलेली.

चादर पतंगांनी भरून गेली. अर्पित खुशीत. रुपचंद म्हणाला, 'शेठ, एवढ्या किड्यांचं लोणचं घालता का?'

आणि सगळे पतंग उडाले. एकदम.

दिवा चालूच. चादर कोरी.

खालच्या कडेला ओल दिसली. पाऊल होतं. बाईचं. बोटाला जोडव्याची खूण.

मग त्याच्या वर दुसरं.

त्याच्या वर...

'दव असेल,' अर्पित म्हणाला.

रुपचंद उठला. तळहातानं पुसायला लागला. पुसलं की उमटे. पुसलं की...

'मी ढकललं नाही!' तो ओरडला.

कोणी विचारलंच नव्हतं.

अंधारातून पुष्पाबाई म्हणाली, 'त्या रात्रीही असंच पुसलंस का रे?'

तो पळाला. बोटीकडे. वल्ह्याचा आवाज आला. थोडा वेळ. मग पाण्यावरची सगळी पाखरं ओरडली.

मग तीही गप्प."

नाना थांबले.

"तुम्ही मागे गेला नाहीत?" स्वप्नीलनं हळूच विचारलं.

"नाही."

"बरं केलं," मी म्हणाले. अजूनही म्हणते.

"उजाडलं तेव्हा बोट काठाला लागलेली होती. आपली आपण. रुपचंद नाही. आजपर्यंत नाही. बोट आतून कोरडी ठणठणीत. तळाला पीठ. चाळणीनं चाळावं तसं सारखं पसरलेलं. मधोमध एकच पाऊल. जोडव्याचं.

कोणीतरी फडकं घेऊन पुढं झालं. पुष्पाबाई आडवी उभी राहिली. रडली नाही. म्हणाली, 'पुसू नका कोणी.'"

"मग नाना? पुसलं?"

"कोणाची हिंमत? बोट तिथंच पडलीय, उघडी." नानांनी विडी विझवली. "अख्खा पावसाळा गेला वरून. पाऊल तसंच आहे."