दोन प्रतींपैकी चांगली

पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी, कॅम्पस बसमध्ये, जानेवारीतल्या त्या सकाळी उर्वीला खिडकीची जागा मिळाली, हे नशीबच म्हणायचं. बाहेर हलकासा बर्फ पडत होता आणि मांडीवरच्या कार्डावर उतरवून घेतलेला पोलिश शब्द काही केल्या लागत नव्हता.

“काय लिहून ठेवलंय या बाबाने, देव जाणे,” ती पुटपुटली.

“ओडबित्का. म्हणजे प्रिंट,” शेजारून आवाज आला. मराठीत... आणि तोही कोल्हापुरी ठसक्यात.

तिने मान वळवली. ओल्या केसांचा, जाड चष्म्याचा एक मुलगा तिच्या कार्डात खुशाल डोकावत होता.

“तुला पोलिश येतं?”

“छे. फोटोपुरतं येतं.” तो हसला. “मी पुरुषोत्तम. नाव आबांनी ठेवलंय, माझा इलाज नाही. पुरू म्हण.”

आबा म्हणजे त्याचे आजोबा. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिथल्या एका फोटोग्राफर बाईंकडे आबा तरुणपणी काम शिकले. पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला, पण डार्करूमला शेवटपर्यंत ‘चेम्न्या’च म्हणत राहिले. आबा गेले, शब्द तेवढे नातवाकडे उरले.

उर्वी नागपूरची, कलेचा इतिहास शिकणारी. पेन्सिल्व्हेनियातल्या एका जुन्या पोलिश फोटोग्राफरचे खोकेच्या खोके लायब्ररीत आले होते आणि फोटोंमागच्या शब्दांना इंग्रजी शब्द शोधायचं काम तिच्याकडे होतं. भाषांतराचं अ‍ॅप नुसता अर्थ सांगायचं. स्टुडिओतली रीत त्याला कुठून ठाऊक असणार? मग रोज पावणेनऊच्या बसमध्ये त्या दोघांची शाळा भरायला लागली. एक कार्ड, एक शब्द, आणि आबांची एक गोष्ट. गोष्ट संपेपर्यंत तिचा स्टॉप यायचा, आणि तिला उगाच चुटपुट लागायची.

मार्चमध्ये ती म्हणाली, “काल मी साठ फोटो वेगळे काढले. सगळ्यांच्या मागे ‘झोस्ताये’ लिहिलंय. अ‍ॅप म्हणतं, ‘उरतं’. म्हणजे लेफ्टओव्हर ना? स्कॅन करू नका, परत पाठवा, असं लिहून दिलंय मी.”

पुरूचा चेहराच उतरला. “कॅन्सल कर. आत्ताच्या आत्ता ईमेल कर.”

“का रे?”

“आबा प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढायचे. बरी गिऱ्हाइकाला, चांगली स्टुडिओला. बाईंनीच लावलेली सवय, त्यांच्याकडच्या स्टुडिओंची रीतच ती. चांगलीच्या मागे हाच शब्द लिहायचे. ही राहणार, कुणाला द्यायची नाही.”

“म्हणजे मी नेमके सगळ्यात चांगले साठ बाहेर काढले?”

“नागपूरची हुशारी,” तो गंभीरपणे म्हणाला.

तिने कार्डांचा गठ्ठा त्याच्या दंडावर हाणला आणि गारठलेल्या बोटांनी तिथेच ईमेल टाइप केला. साठही फोटो बचावले.

मे उजाडला. यादी संपली. ह्यूस्टनच्या एका म्युझियममध्ये उर्वीला नोकरी लागली. राहायचं शुगर लँडला, मावशीकडे. शनिवारचं तिकीट होतं. पुरूची पीएचडी अजून दोन वर्षं चालणार होती, आणि हा पठ्ठ्या जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत होता, एक सोडून! तिला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

शुक्रवारी बस स्टॉपवर त्याने तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत तिचाच फोटो होता, बसच्या खिडकीपाशी. फिल्मवर काढून त्याने आर्ट डिपार्टमेंटच्या डार्करूममध्ये स्वतः प्रिंट केला होता.

“छान आहे,” ती म्हणाली. “प्रिंट काढताना जरा हललाय... पण छान आहे.” आणि एकदम थांबली. फोटो उलटा केला. मागे कोरं.

“दुसरी कुठंय?”

“कुठली दुसरी?”

“पुरू, साठ फोटोंची चूक मी एकदाच करते. दुसरी दाखव.”

त्याचे कान लाल झाले. हळूच बॅगेतून वही काढली, वहीतून फोटो. तोच फोटो, पण त्यात ती स्वच्छ दिसत होती, त्याच्याकडे बघून हसत होती. मागे पेन्सिलीने, आबा लिहायचे तसंच देवनागरीत — झोस्ताये.

“ही देणार नाही मी,” तो म्हणाला. “उर्वी, मला तू आवडतेस... पहिल्या दिवसापासून. माझी लॅब खरं तर उलट्या दिशेला आहे.”

“हे शुक्रवारी सांगतोस?”

“आधी सांगितलं असतं तर तिकीट कॅन्सल केलं असतंस?”

“नाही. नोकरी चांगली आहे.” तिने डोळे पुसले. “पण मी जानेवारीपासून साडेआठची बस मुद्दाम सोडतेय, हे तुला सांगितलं असतं.”

चांगली प्रत तिने त्याच्या वहीत परत ठेवली. “सांभाळ. दोन वर्षांनी बघायला येईन.”

आज कॅरी गावातल्या त्या दोघांच्या घरी भिंतीवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी आहेत. एकच फोटो दोनदा का, असं पाहुणे विचारतात, आणि पुरू आबांची रीत सांगत बसतो. चांगली प्रत कुठली, ते पाहुण्यांनाही ओळखता येतं. उर्वीला मात्र ती हललेलीच जास्त आवडते. दोन वर्षं शुगर लँडला तिच्या उशाशी तीच होती.