एक ते दीड

मुलगा वाक्याच्या मधोमध थांबला. तोंड अर्धं उघडं, एक भुवई वर, हातात कॉफीचा मग. काकूंना आधी वाटलं, शब्द आठवत असेल. लहानपणापासून त्याची ती सवयच होती. मग त्याच्या मागचा पडदाही हलायचा थांबलेला दिसला आणि त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

राउटर जेवणाच्या टेबलालगतच्या फळीवर होता. त्याला तीन हिरवे दिवे. पहिला विजेचा, दुसरा बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा, तिसरा वाय-फायचा. पहिले दोन नीट लागलेले होते, तिसरा विझलेला. म्हणजे इंटरनेट घराच्या उंबऱ्यापर्यंत येत होतं, घरात पसरत नव्हतं एवढंच.

काकूंची तीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत गेली होती. आधी नोंद, मग मत, हे तिथे अंगात भिनलं होतं. त्यांनी वही काढली आणि लिहिलं: 'गुरुवार, दुपारी १. तिसरा दिवा बंद.' राउटर बंद करून पुन्हा चालू केला. पहिले दोन दिवे आले, तिसरा नाही. त्या धुतलेले कपडे वाळत घालून परत आल्या तेव्हा तो लागलेला होता. 'दीड वाजता आपोआप सुरू.'

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. एकला बंद, दीडला सुरू.

घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या बांधणीचं, हातभर जाडीच्या भिंतींचं. मोबाईलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत, तीही मान बाहेर काढली तर. मुलाशी बोलायचं तर वाय-फायवरच. त्याची सकाळ आणि काकूंची दुपार जिथे गाठ घेत, ती वेळ त्याच्या नव्या नोकरीपासून नेमकी एकची झाली होती. त्याआधी त्याला जाग येत नसे, त्यानंतर त्याचं ऑफिस.

सोमवारी वायफायवाला आला. तिशी ओलांडलेला, पाठीवर सॅक, बोलताना सारखा हसणारा माणूस. त्याने लॅपटॉप वायरने जोडून पाहिला. इंटरनेट तुफान चाललं. सेटिंगमध्ये कुणी वेळ लावून ठेवलीय का ते पाहिलं, नव्हती लावलेली. राउटर तापतोय का, शेजारच्यांचं वाय-फाय आडवं येतंय का, सगळं तपासलं. शेवटी म्हणाला, "आता ह्याची डायरी वाचू. राउटर स्वतःबद्दल सगळं लिहून ठेवतो, काकू."

वाचता वाचता त्याचं हसू जरा आवरलं.

"घरात लहान मूल वगैरे आहे का?"

"का हो?"

"नाही, इथे लिहिलंय, बटण दाबून बंद. रोज एक वाजता. आणि दीडला बटण दाबून सुरू. हे बघा, मागे हे छोटं बटण आहे ना, ते."

"मी एकटीच राहते."

"मग तुमच्याच हातून चुकून…"

"माझ्या हातून चुकून काही दाबलं जात नाही," काकू म्हणाल्या. प्रयोगशाळेतल्या पोरींना ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात.

वायफायवाल्याने कान पकडल्यासारखं केलं, बटण झिजलं असेल म्हणाला, आणि राउटर बदलून दिला.

तो गेल्यावर काकू बराच वेळ टेबलापाशी उभ्या राहिल्या. बटणाचं त्यांना ठाऊक होतं. फक्त ते कुणा परक्यासमोर बोलायचं नव्हतं.

काका कवळ्या बनवायचे. अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं, असं ते चारचौघांत सांगत आणि काकू कपाळाला हात लावत. मुलगा परदेशी गेला तेव्हा घरात वाय-फाय आलं, आणि मुलापेक्षा काकाच त्याच्या आहारी गेले. जेवताना एक डोळा ताटात, एक फोनमध्ये. एकदा काकूंनी ताट त्यांच्यापुढून उचललं आणि तिथे फोन ठेवला. "हे खा," म्हणाल्या. त्या दिवशी काकांनी डावा हात लांब करून, उजवा उष्टा होता म्हणून डावा, राउटरमागचं बटण दाबलं. "जगाला अर्धा तास सुट्टी," म्हणाले. मग सहा वर्षं रोज एकला सुट्टी आणि दीडला जग परत. त्या अर्ध्या तासात फार मोठं काही बोलणं व्हायचं असं नाही. कुणाचा गुडघा, कुणाचं लग्न मोडलं, आमटीत मीठ. पण समोर माणूस असायचं.

काकांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून काकू ओट्यापाशी उभ्या उभ्या, पातेल्यातच चार घास कालवून खात. टेबल फक्त फोन ठेवण्यापुरतं उरलं होतं.

त्यांनी वही उघडून आधीचं पान पाहिलं. बुधवारी मुलाने तिकीट पाठवलं होतं. महिनाअखेरीचं, फक्त जायचं. ही जागा विकून टाकायची, काकूंनी त्याच्याकडे कायमचं राहायचं, असं दोघांचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तो बोलला होता आणि त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. आणि गुरुवारी पहिल्यांदा दिवा विझला होता. नोंदी एकाखाली एक होत्या. मत मात्र त्यांनी लिहिलं नाही.

नव्या राउटरचं बटण खोलगट होतं, पाच सेकंद दाबून धरल्याशिवाय ऐकत नसे. मंगळवारी एकला तिसरा दिवा विझला.

बुधवारी वायफायवाला पुन्हा आला. ह्या वेळी त्याने सेटिंगमधून बटणच निकामी करून टाकलं. स्वतः दाबून दाखवलं, काही होत नव्हतं. "आता देवाने दाबलं तरी बंद व्हायचं नाही," म्हणाला. पावणेएक झाले होते. "थांबतोच एकपर्यंत. एकदा डोळ्यांनी पाहिलं की तुम्हीही निश्चिंत, मीही."

त्याने राउटर आडवा फिरवला, बटण आणि दिवे दोन्ही दिसतील असा. दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसली. काकू आपल्या जागेवर, तो काकांच्या. खिडकीतून टेबलावर स्वच्छ ऊन पडलं होतं. खालच्या शिंप्याचं मशीन चालू होतं. एकला दोन मिनिटं कमी असताना वायफायवाला मानेवरून हात फिरवत उठला आणि भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. त्या खुर्चीत… गर्दी झाल्यासारखं वाटतं."

एक वाजला.

बटण हळूच आत गेलं. झटका नाही, थरथर नाही. कुणीतरी सवयीने दाबावं तसं गेलं आणि आत राहिलं. वायफायवाल्याचे ओठ हलत होते, तो सेकंद मोजत होता. पाच झाले. बटण वर आलं, दिवा गेला.

त्याने लॅपटॉप न मिटताच सॅकमध्ये कोंबला.

"चहा घेऊन जा."

"नको काकू. हे माझ्या हातातलं काम नाही." दार उघडून तो थांबला. "तुम्ही मुलाकडे जाणार आहात म्हणालात ना? जा. लवकर जा." बूट त्याने जिन्यात जाऊन घातले.

काकूंना भीती वाटायला हवी होती. ती त्यांनी स्वतःत शोधून पाहिली. सापडलं ते दुसरंच काहीतरी: दीड वर्ष दाबून ठेवलेलं. त्यांनी ओट्यावरचं पातेलं टेबलावर आणलं. दोन ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी एकला पाच कमी असताना त्या टेबलाशी बसल्या. ताटं वाढलेली होती. त्यांनी डावा हात फळीवर नेला आणि अंगठा बटणावर ठेवला, दाबला नाही.

"मी आहे इथे," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना नवीन वाटला.

एक वाजला आणि अंगठ्यावर वजन आलं.

थंड नाही, गरम नाही. वजन. त्यांच्या अंगठ्यावर दुसरा अंगठा टेकला आणि त्यांच्यासकट बटण दाबलं गेलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग वजन उठलं.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

मग त्या बोलल्या. खालच्या शिंप्याचं, भिंतीला आलेल्या ओलीचं, विकायच्या कपाटाचं. उत्तर आलं नाही, पण काकाही जेवताना फारसे कुठे बोलत? हुं म्हणायचे. काकू हुं पुरती जागा सोडून बोलत राहिल्या. दीडला पुन्हा अंगठा ठेवला, पुन्हा वजन आलं, आणि जग परत आलं.

असे नऊ दिवस गेले. काकू एकपर्यंतचा वेळ कसाबसा ढकलत आणि दीडनंतरचा दिवस आठवत बसत. रंग उडालेली साडी टाकून चांगली नेसू लागल्या. बांधाबांध अर्ध्यावर थांबली. वहीतल्या नोंदीही थांबल्या. मुलगा खिडकीतल्या रेंजवर फोन करकरून रडकुंडीला आला.

"आई, एकला तू असतेस कुठे? वाय-फाय दुरुस्त झालं ना?"

"झालं."

"मग?"

"जेवत असते रे मी. जेवताना उठायचं नाही."

"आई, बाबा असते तर गोष्ट वेगळी होती. तू एकटी तिथे काय धरून बसली आहेस?"

काकूंना हसू आलं. मान खिडकीबाहेर होती, खाली रस्त्यावर सायकली जात होत्या. "मी येत नाही," त्या म्हणाल्या. "तिकीट परत कर. जागाही राहू दे."

तो चिडला, मग रडला, मग पुन्हा चिडला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. एवढं मोठं झालेलं लेकरू रडत होतं, तरी शब्द मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवशी बाराला त्याचा निरोप आला, रात्रभर झोपला नसावा: तिकीट रद्द केलं. घर विकत घेणाऱ्यांनाही कळवलं. तुझी मर्जी.

त्या दिवशी काकूंनी नीट स्वयंपाक केला. टेबल पुसलं, ताटं वाढली, पाणी ठेवलं.

"ऐकलंत ना?" त्या समोरच्या खुर्चीला म्हणाल्या. "नाही सांगितलं त्याला. आता कुठे जात नाही मी."

अंगठा बटणावर ठेवला. एक वाजला, वजन आलं.

आज ते वजन पाच सेकंदांनी उठलं नाही. तिसरा दिवा विझला तरी अंगठा अंगठ्यावर तसाच टेकलेला होता. मग तो जरासा सरकला, हात नीट धरायला सरकतो तसा. आणि काकूंना टोचलं.

नख होतं ते.

लांब, कडेला चिरलेलं. त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी, मऊ जागी, रुतत होतं.

कवळ्या बनवणाऱ्या माणसाला नख ठेवून चालत नाही. मेण अडकतं, साचा बिघडतो. काका रोज सकाळी, कामावर जायचं असो नसो, बोटं कानशीने घासून गुळगुळीत करत. चाळीस वर्षांत त्यांचं नख काकूंना कधी लागलं नव्हतं.

काकू हलल्या नाहीत.

नऊ दिवस त्या काय सांगत होत्या आणि कुणाला, ते सगळं एकदम मनात येऊन गेलं. शिंप्याचं, ओलीचं, एकटीने झोपायच्या खोलीचं. तिकिटाचंही. कोण हुं म्हणत होतं?

दाराची कडी दहा पावलांवर होती. हात ओढला असता तर सुटला असता, पकड तेवढी घट्ट नव्हती. शिंप्याचं मशीन थांबलं. त्याचीही जेवायची वेळ.

घड्याळात दीड झाला. बटण दाबलं गेलं नाही. पावणेदोन झाले.

काकूंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग ओट्याकडे पाहिलं, जिथे त्या दीड वर्ष उभ्याने जेवल्या होत्या.

डावा हात तसाच राहू देऊन त्यांनी उजव्या हाताने डाव उचलला.

"तुम्हाला वाढू ना अजून?" त्या म्हणाल्या.

समोरचं ताट टेबलावरून त्यांच्याकडे चार बोटं सरकलं.