थरथर

शेजारच्या किल्लीवाल्याचे दुकान बंद होते, म्हणून तो कधी येईल हे विचारायला ती माझ्या दारात थांबली. पण तिचे डोळे माझ्या यंत्रावर खिळले होते. आडव्या दांड्यावरची मोटर संगणकाच्या आज्ञेने सरकत होती आणि प्लायवुडमधून एक जिराफ सावकाश सुटा होत होता. तो सीएनसी राउटर मी भंगारातल्या पोकळ लोखंडी नळ्या जोडून घरीच बनवला होता. ती मुलांसाठी लाकडी कोडी बनवत असे — हाताने, करवतीने. किल्लीचे राहूनच गेले. दुसऱ्या दिवशी ती चित्रांची गुंडाळी घेऊन आली.

नंतरच्या दुपारी तिच्याच झाल्या. यंत्र संथ होते, आणि त्याबद्दल मी मनोमन त्याचा ऋणी होतो. तुकडे कापून होईपर्यंत ती स्टुलावर बसून कडा घासत असे, केसांवरचा भुसा झटकत असे, बोलत असे. मी ऐकत असे.

मग तिला एका शाळेची मोठी मागणी आली. या वेगाने ती पुरी होणार नसेल, तर काम कारखान्यात द्यावे लागेल, असे तिने खाली बघत सांगितले. मी वेग वाढवून पाहिला. दांडा थरथरू लागला आणि जिराफाच्या मानेला दाते पडले. वेग वाढला नाही तर ती जाणार, आणि वाढला तर तिला इथे थांबण्याचे कारण उरणार नाही… जेवताना माझा चेहरा पाहून वहिनी म्हणाली, "भावजी, यंत्राला घाई शिकवताय ना, थोडी स्वतःही शिका."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वेग वाढवला. जवळून पाहण्यासाठी तिने नळ्यांच्या चौकटीवर दोन्ही हातांची कोपरे टेकवली, आणि यंत्राचा आवाज एकाएकी शांत, खोल झाला. कड अगदी स्वच्छ निघाली.

"हात काढू नका," मी म्हणालो.

"किती वेळ?"

मी संगणकाकडे वळलो.

चौकट हलकी होती म्हणून थरथरत होती, एवढाच दोष होता. मी गप्प राहिलो असतो, तर ती आठवडाभर तशीच टेकून उभी राहिली असती. पण तिच्या कोपरांवर लाल वळ उमटले होते. त्या संध्याकाळी मी पोकळ नळ्यांत कोरडी वाळू ठासून भरली आणि पायांना एक तिरकी पट्टी जोडली.

शाळेचे काम मुदतीआधीच संपले. तिने शेवटचा तुकडा पिशवीत टाकला.

"आता मी टेकून उभं राहायची गरज नाही," ती हसून म्हणाली. पण दाराकडे वळायला तिला वेळ लागला.

"यंत्राला नाही…" मोटर बंद होती. खोलीत माझ्याच आवाजाला कुठे आडोसा नव्हता. "मला आहे."

कोपऱ्यात उरलेल्या वाळूच्या ढिगाकडे तिने पाहिले, मग माझ्याकडे.

"आणि एवढं सांगायला तुला इतकी वाळू भरावी लागली?"

तिने खांद्यावरची पिशवी उतरवून स्टुलावर ठेवली, आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.