नाकारलेला भाडेकरू

कीलुंग बंदराच्या वर, डोंगराला बिलगलेल्या एका गल्लीत बी-शियाचं एक जादाचं घर होतं. दोन खोल्या आणि चिंचोळं स्वयंपाकघर. मागच्या खोलीच्या खिडकीतून गोदीतल्या बोटी दिसत. नवरा गेल्यापासून त्या घराच्या भाड्यावरच तिचं चालायचं. जुने भाडेकरू तायपेईला गेले, तशी तिनं दारावर 'घर भाड्यानं देणे आहे' असा लाल कागद चिकटवला आणि दुपारची माणसं घर बघायला येऊ लागली.

माणूस पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं तिला वाटायचं. चपला कोण कशा काढतो, आल्याआल्या घरातलं काय बघतो, शेजाऱ्यांबद्दल विचारतो की नाही, एवढ्यावर ती मनाशी ठरवून टाकी. तिची भाची हुई-जू घरांची दलाली करायची. तिचं मात्र एकच पालुपद.

"मावशी, एकटा म्हातारा ठेवायचा नाही. उद्या घरातच गेला तर घराला बट्टा लागतो. मग फुकट देते म्हणालीस तरी कुणी उंबरा ओलांडायचं नाही."

च्वांग आले तेव्हा बाहेर रिपरिप चालू होती. बोटीवर आचारी म्हणून जन्म काढलेला हडकुळा म्हातारा. त्यांनी छत्री दाराबाहेर ठेवली आणि आत येण्याआधी हलकेच खोकले, आतल्या बाईमाणसाला चाहूल लागावी म्हणून. मग मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.

"इथून बोटी दिसतात," ते म्हणाले. "बाकी मला काही नको."

"मुलंबाळं कुठं असतात, काका?"

"नाहीत. पण मी धडधाकट आहे हं, बाई. रोज डोंगर चढतो." मग ओशाळं हसले. "मरायला म्हणून काही घर शोधत नाहीये मी."

तिला माणूस आवडला होता. पुढं तिला सलत राहिलं ते हेच. नावडला असता तर एक वेळ चाललं असतं. पण कानात भाची बोलत होती.

"काय सांगू काका, सकाळीच एकांना शब्द दिलाय."

"असू दे, असू दे." त्यांनी उलट तिचीच समजूत घातली. "तुमचा काय दोष? मलाच यायला उशीर झाला."

कठड्याला धरून ते ओल्या पायऱ्या उतरू लागले. हाक मारावी असं तिला वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात ते वळणाआड गेले.

घर तिनं पेई-यी नावाच्या नर्सला दिलं. मुलगी गुणी, रात्रपाळीची, दुपारी झोपणारी. सगळं कसं मनासारखं झालं. आणि एके दिवशी तिचा फोन आला.

"मावशी, मागच्या खोलीत येतात ते आजोबा तुमचे कोण?"

"कोण आजोबा?"

"दिसले नाहीत कधी. पण मी पडलेली असते ना, तेव्हा स्वयंपाकघरातून आल्याचा आणि तिळाच्या तेलाचा वास येतो... मग कुणीतरी हलकेच खोकतं आणि मागं जातं. चोर काही खोकून येणार नाही. म्हटलं, तुमच्याकडचंच कुणी असेल."

बी-शियाला दाराबाहेरचं ते हलकं खोकणं आठवलं. तिनं तडक भाचीला गाठलं. च्वांग हे नाव ऐकताच हुई-जूचा चेहरा पडला.

"तुला सांगणार नव्हते, मावशी. गेले ते. तुझ्याकडून निघाले त्याच संध्याकाळी, गोदीजवळच्या बसथांब्यावर... बसल्या बसल्या. पाऊस होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा पेंगतोय." तिनं मान खाली घातली. "तुझ्याआधी आमच्याकडंच आले होते गं. मीसुद्धा हाकललंच त्यांना."

दुसऱ्या दिवशी बी-शिया आल्यात परतलेली कोंबडी आणि वाफाळता भात घेऊन त्या घरी गेली. मागच्या खोलीत, खिडकीखाली, तिनं ताट मांडलं, उदबत्त्या लावल्या. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण रडूच आलं.

"चुकलं माझं, काका. खोली तुमचीच आहे. राहा. आणि तुमच्यासारखं कुणी दारोदार हिंडत असेल, तर त्यालाही घेऊन या. इथं कुणी नाही म्हणणार नाही."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. घरी येऊन ती किती तरी दिवसांनी गाढ झोपली.

पुढच्याच आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी पेई-यी बॅगा घेऊन उभी दिसली. ओठ पांढरे पडलेले.

"आजोबांचं काही नव्हतं, मावशी. ते भले होते. पण आता ते एकटे नाहीत... घरभर खोकतात. काल माझ्या पलंगाच्या कडेवर कुणीतरी बसलं. 'माफ कर हं पोरी, पाय फार दुखतात,' म्हणालं... बाईचा आवाज होता."

बी-शिया एकटीच वर गेली. दुपार होती, पण धुक्यानं सगळं राखाडी झालं होतं. खाली गोदीत कुठल्या तरी बोटीचा भोंगा वाजून थांबला. दार उघडताच ओल्या कपड्यांचा कोंदट वास तिच्या अंगावर आला. एकट्यादुकट्याच्या कपड्यांचा नव्हे. पावसात थांबलेल्या गर्दीला येतो तसा. घर रिकामं होतं. आणि तरीही, दवाखान्यात नंबराची वाट बघत माणसं बसतात ना, तशी ती शांतता होती.

मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिनं ढकललं. ते जरासं हललं आणि अडलं. कशाला तरी मऊ टेकलं... कुणाच्या तरी पाठीला टेकावं तसं.

"काका?" तिनं फटीतून हाक मारली. "मी... बी-शिया."

आत कुणीतरी हलकेच खोकलं. मग कपड्याला कपडा घासल्याचा आवाज, फरशीवर ओढत सरकणारी पावलं, गुडघ्यांची करकर. पुष्कळ गुडघ्यांची. आणि या सगळ्यात तिच्या ओळखीचा तो समजूतदार आवाज:

"सरका जरा... आणखी थोडं सरका. बाई आल्यात. त्यांनाही जागा करा."

आणि दार आतून, अगदी अदबीनं, सताड उघडलं.