सावकाश या, आई बरी हाय

पटलं नाही तर सोडून द्या. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय, आणि तेही भर दुपारी.

मागच्या वर्षीचा एप्रिल. आम्ही पारनेरला राहतो. माझ्या आईला, विमलबाईला, विसरण्याचा आजार आहे. त्या दिवशी माधुरी, माझी बायको, आंघोळीला गेली आणि आई दार उघडून निघून गेली.

सकाळी दहापासून मी मोटारसायकलवर तिला शोधत होतो. स्टँड, बाजारपेठ, दवाखाना. मोबाईलवरचा फोटो दाखवला की लोक मान हलवायचे. "न्हाई बघितलं." एकानं तर फोटोकडं न बघताच सांगितलं. डोकं फिरलं होतं माझं.

दोन वाजता फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तुमची आई माज्याजवळ हाय," बाईचा आवाज. "राळेगणच्या रस्त्याला. पानी पाजलंय. सावकाश या, आई बरी हाय."

"ताई, नक्की कुठं?"

फोन कट.

परत लावला... लागेना.

सुसाट निघालो. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडं नांगरून पडलेली रानं. पुन्हा फोन.

"फुडं गेलात तुमी. माघारी वळा."

म्हणजे ती मला बघत होती... कुठून?

वळलो. एका कडुलिंबाखाली आई बसलेली. जाताना तिथं कुणीच नव्हतं, शपथेवर सांगतो.

तिचे पाय धुतलेले होते. टाचेतला काटा काढून वर चिंधी बांधलेली. केसांची घट्ट वेणी घातलेली.

आईचा हात तर खांद्याच्या वर जात नाही.

"ताई! ओ ताई!"

त्या उघड्या रानात लपायला जागाही नव्हती.

"आई, ती बाई कुठं गेली?"

आईला हसू आलं. "ही काय. तुझ्या पाठीवरची धूळ झटकतीय."

गर्रकन वळलो.

कुणी नव्हतं.

घरी येऊन शर्ट काढला. सगळा मातीनं भरलेला... पाठीवर मात्र पंज्याएवढी जागा स्वच्छ.

संध्याकाळी तो नंबर लागला. पुरुषाचा आवाज. "सहादेव बोलतोय."

मी आभार मानले, तर तो वैतागला.

"अहो, मी कुनाला फोन केला न्हाई! दुपारभर फोन खिशात हुता. हे तिसऱ्यांदा हुतंय. कुनाची आई, कुनाचं लेकरू... मी काय केलंय?"

मी फोन ठेवणार होतो.

"थांबा," तो म्हणाला. "माझी बायकू त्याच रस्त्यानं गेली, ती माघारी आलीच न्हाई. बनुबाई. चार वर्षं झाली. मला कुनाचा फोन आला न्हाई."

मग हळूच विचारलं, "आवाज कसा हुता तिचा?"

मी डोळे मिटले. शब्द न् शब्द आठवत होता. आवाज आठवेना. जाड की बारीक... काहीच नाही.

"सगळी असंच सांगत्यात," सहादेव म्हणाला.

तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी तो फोन करतो. "आठवला का?"

मला राग येतो. स्वतःचा, आणि त्या बाईचाही. परक्यांसाठी एवढं करतेस, मग त्याला एक फोन का नाही?

काल दुपारी परत त्याचाच नंबर.

"सहादेवराव, नाही हो आठवत."

उत्तर नाही...

"ताई?" माझ्या तोंडून निघालं. "एकदा त्यांना फोन करा ना."

कुणी बोललं नाही. पण फोन कटही झाला नाही.

सात मिनिटं...

शेवटी मीच ठेवला.